हसऱ्या चेहऱ्यावर बोट

अंजनगाव सुर्जीच्या गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, जयवंताबाईंच्या टोपलीपुढे उभं राहून "सांबार ताजा आहे का?" असं विचारायची हिंमत जुनं गिऱ्हाईक करत नसे. सांबार म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर. वऱ्हाडात तिला सांबारच म्हणतात आणि पुढेही म्हणतील. नवख्या कुणी विचारलंच तर बाई मान वर न करता म्हणत, "शिळा विकाले मी तुमच्या दारी आली होती का?" गिऱ्हाईक गुमान दोन जुड्या घेऊन चालू लागे. आपल्या मालाला आपल्या तोंडानं शिळा म्हणायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा त्यांना सासूनं दिला होता. दुपारपर्यंत पाणी शिंपडून शिंपडून मेथीनं मान टाकली तरी जयवंताबाईंच्या लेखी ती सकाळचीच.

घरातही तोच कायदा. त्यांच्या घरात पीठ कधी संपत नसे, ते वाढत असे. बांगडी फुटत नसे, तीही वाढत असे. बाहेर निघालेलं माणूस 'जातो' म्हणालं, तर त्याला अंगणातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावत. घराची वास्तू रात्रंदिवस तथास्तु म्हणत असते. कोणत्या शब्दावर म्हणेल याचा नेम नाही, तेव्हा घरात वाईट बोलू नये, एवढंच त्यांचं साधं म्हणणं. शिकलेली लेक प्रतीक्षा लग्नाआधी यावरून आईला चिडवायची.

"आई, वास्तूले दुसरं काही काम नाही का?"

"नसन. तू तुयं काम कर," जयवंताबाई म्हणायच्या आणि विषय तिथंच मिटायचा.

अशा बाईच्या हातात अमरावतीच्या एका दवाखान्यानं फोनवर उघडणारं एक पान दिलं आणि रोज संध्याकाळी विचारायला सुरुवात केली, आज पेशंटची तब्येत कशी आहे? विचारणाऱ्याचा हेतू देवासारखा होता. पण विचारलं कुणाला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पेशंट म्हणजे किसनराव, जयवंताबाईंचे मालक. सगळं आयुष्य भाजीच्या मळ्यात गेलेला, कमी बोलणारा माणूस. बायको दोघांच्या वाट्याचं बोलते म्हटल्यावर आपण कशाला तोंड दुखवावं, असा त्यांचा हिशेब. वांग्यांना पाणी देता देता ते एक दिवस बांधावर बसले ते उठलेच नाहीत. शेजारच्या मळ्यातल्या लोकांनी गाडीत घालून अमरावतीला नेलं. झटका मोठा होता, पण वाचले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हृदयाचा पंप कमजोर झालाय. आता अंगात पाणी साठू द्यायचं नाही. मीठ कमी, पाणी मोजकं, गोळ्या वेळेवर. आणि रोज आम्हाला कळवायचं.

कळवायचं कसं, ते वर्षाली नावाच्या मुलीनं शिकवलं. घरी गेलेल्या पेशंटांची विचारपूस फोनवरून ठेवणं हेच तिचं काम होतं. तिनं जयवंताबाईंच्या फोनवर ते पान उघडून दिलं. सगळं मराठीत. आजचं वजन लिहायचं, पायावर सूज आहे का, दम लागतो का, याला हो किंवा नाही म्हणायचं, आणि शेवटी चेहरे: एक हसरा, एक मधला, एक रडका. त्यावरून पान स्वतःच रंग घेई. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल झालं की डॉक्टर स्वतः फोन करणार.

"काकू, आता निम्मी डॉक्टर तुम्ही," वर्षाली हसून म्हणाली होती. "काकाजींचं तुम्ही सांगाल तेवढंच आम्हाला दिसणार."

पहिले दोन महिने त्या पानानं खरोखर पांग फेडले. किसनरावांना एका गोळीनं कोरडा खोकला लागला. जयवंताबाईंनी पानावर बोलून ते सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. एरवी त्यासाठी एसटीचा धक्का, रांग, आणि दोन मिनिटांच्या भेटीसाठी गेलेला अख्खा दिवस. एकदा तर किसनरावांनी स्वतः फोन तोंडाशी धरला आणि विचारलं, "साहेब, मळ्यात जाऊ का?" उत्तर आलं, "जा काकाजी, पण सावलीत बसा, वजन उचलू नका." डॉक्टरला आपणही काही विचारू शकतो आणि तो उत्तर देतो, हे त्या माणसाला साठीनंतर कळलं. ते उत्तर त्यांनी तीनदा लावून ऐकलं. यंत्राच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

त्याच पानावर पेशंटांना आपसात बोलायची जागाही होती. तिथं तेल्हाऱ्याचे पंजाबराव नावाचे एक गृहस्थ रोज हजर असत. त्यांचंही दुखणं किसनरावांसारखंच. आज पाय सुजले. आज जिना चढताना दोनदा थांबलो. आज चोरून लोणचं खाल्लं, बायकोनं धरलं. सगळं चव्हाट्यावर.

"माणूस हाये का रडगाणं," जयवंताबाई म्हणत. "घरात बसून असं बोलते. ह्याच्या घरच्या वास्तूले कान नाहीत काय?"

किसनराव मात्र ते सगळं ऐकून घेत. कधी हळूच म्हणत, "त्याले बरं वाटत असन बोलून."

पान दोघांपुरतं नव्हतं. प्रतीक्षा अकोल्याला दिलेली. वर्षालीनं तिच्याही फोनवर ते जोडून दिलं होतं, म्हणजे अकोल्यात बसून लेकीला बापाचा रंग दिसे. रोज दिवेलागणीनंतर तिचा फोन येई. "आई, आज हिरवा हाये. पाह्यला मी." त्या आवाजातला हलकेपणा जयवंताबाईंना दिवसभराच्या विक्रीपेक्षा मोठा वाटे. कारण प्रतीक्षाला दिवस गेले होते. आधीची दोन वेळची आशा फुकट गेलेली. या खेपेला अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं, आणि मनाला धक्का लागेल असं काही तिच्या कानावर घालू नका, असंही बजावलं होतं.

आणि मग तो पिवळा दिवस आला. किसनराव मळ्यातून चालत आले ते अंगणात थांबून, भिंतीला हात लावून उभे राहिले. जयवंताबाईंनी जसं घडलं तसं सांगितलं. दम लागतो का? हो. आणि मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पान पिवळं झालं. दवाखान्यातून फोन आला, एक गोळी दोन दिवस जास्त द्यायला सांगितली, आणि किसनराव दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक झाले. पानानं आपलं काम चोख केलं होतं.

पण दवाखान्याच्या फोनआधी अकोल्याचा फोन आला होता. प्रतीक्षाला रडं आवरत नव्हतं. रात्री तिचा रक्तदाब वाढला, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी जावई शेखर बोलले. गुणी माणूस, आवाज चढवायचा नाही. "आई, ती आता बरी आहे. पण मी काय म्हणतो, तिला शक्य तेवढं कळू नका देऊ."

जावयानं एवढंच सांगितलं, त्यात वाईट काही नव्हतं. पण जयवंताबाईंच्या मनानं त्यावर आपली गाठ मारली. त्यांना वाटलं, आपण घरात बसून वाईट बोललो, आणि वास्तूनं तथास्तु म्हटलं ते लेकीच्या वाट्याला गेलं. त्या दिवसापासून त्यांचं बोट हसऱ्या चेहऱ्यावरून हललं नाही.

खरं सांगायचं तर त्यांना हे खोटं वाटतच नव्हतं. कुणी विचारलं, कसं आहे, तर बरं आहे म्हणायचं. रस्त्यात भेटलेला पाहुणा विचारतो तेव्हा कुणी त्याला गुडघे आणि मूळव्याध सांगत बसत नाही. इथं तर देवमाणूस डॉक्टर रोज न चुकता विचारून राहिला. त्याला तोंड वाकडं करून उत्तर द्यायचं, हे शोभतं का? बरं आहे म्हणत राहिलं की होतंही बरं. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

किसनराव बरे होते त्या दिवसांत हे खपून गेलं. मग पोळ्याच्या पुढेमागे पाय सुजायला लागले. आधी घोटे, मग पिंडऱ्या. चपलेचा पट्टा रुतून खूण पडू लागली. सूज आहे का? नाही. दम लागतो का? नाही. वजनाच्या काट्यावर मात्र आकडा वाढत होता, आणि तो जयवंताबाई खराखुरा लिहीत, कारण वजन वाढलं यात वाईट ते काय? आजारातून उठलेल्या माणसाचं वजन वाढलं म्हणजे खाल्लेलं अंगाला लागलं. गुजरीत बाजूला बसणाऱ्या माणिकबाईंनाही त्यांनी कौतुकानं सांगितलं. माणिकबाई म्हणाल्या, "लागून राहिलं म्हणा मग अंगाले. नजर नको लागू देजा."

त्या आकड्यावरून पानानं शंका घेतली होती. वर्षालीचा फोन आला.

"काकू, काकाजींचं वजन वाढतंय. सूज वगैरे नाही ना?"

"नाही बाई."

"रात्री आडवं झोपता येतं ना त्यांना?"

जयवंताबाईंनी समोर पाहिलं. किसनराव भिंतीला तीन उशा लावून बसले होते. आडवं झालं की गुदमरायला होतं म्हणून पाच-सहा रात्री ते असेच बसून झोपत होते. दोघांची नजर मिळाली. किसनरावांनी मान हलवली, सांगू नको अशी.

"झोपतात ना," जयवंताबाई म्हणाल्या. "खाऊनपिऊन टुमटुमीत हायेत. माल एकदम ताजा." आणि हसल्या. तिकडे वर्षालीही हसली. गुजरीतल्या बाईच्या आवाजाला कोण आडवं जाणार?

फोन ठेवल्यावर किसनराव म्हणाले, "पोरीचे दिवस भरत आले. एवढा महिना निघून जाऊ दे. मंग जाऊ अमरावतीले."

"तुमाले लय होते का?"

"नाही. बरं हाये."

त्या बाईनं त्यानंतर काय नाही केलं. मीठ बंद केलं. रात्री उठून उठून त्यांची छाती हलते का पाहिलं. सुजलेल्या पायांना एरंडाची पानं गरम करून बांधली, आणि देवीला नवस बोलल्या. दिवसा बाजारात बसून मेथी विकली, आणि संध्याकाळी हात धुऊन, पदरानं पुसून, हसरा चेहरा दाबला. पान हिरवं होई. अकोल्याहून फोन येई. "आई, आजही हिरवा. बाबा किती छान राहून राहिले." फोन ठेवून जयवंताबाई चुलीकडे तोंड करून रडत, कारण समोर किसनराव असत. माणसावर एवढं प्रेम असावं आणि त्या प्रेमाला एवढी अक्कल नसावी, याचं फार वाईट वाटतं.

तिकडे तेल्हाऱ्याच्या पंजाबरावांनी पानावर सांगितलं होतं, दोन उशा घ्याव्या लागतात. त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं, चार दिवस ठेवलं, अंगातलं पाणी काढलं. ते परत येऊन दवाखान्यातल्या वरणाला नावं ठेवत होते. किसनरावांनी ते ऐकलं. फोन जयवंताबाईंकडे देऊन उशा सारख्या केल्या.

नंतर, सगळं होऊन गेल्यावर, वर्षाली अंजनगावला भेटायला आली होती. तेव्हा बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की प्रतीक्षाताईंना रंग दिसू नये असं करणं म्हणजे एका बोटाचं काम होतं. काकूंनी नुसतं म्हटलं असतं, तर पेशंटचं खरं फक्त डॉक्टरांना गेलं असतं. असं काही विचारता येतं, हे जयवंताबाईंना माहीतच नव्हतं. आणि लेकीला बापाचं दिसू नये म्हणून कुणी ते बंद करायला सांगेल, हे वर्षालीच्याही कधी मनात आलं नव्हतं. त्या पोरीनं मग चहा तसाच ठेवला.

पान लाल झालं तो दिवस शुक्रवारचा, आणि वेळ सकाळची. जयवंताबाई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. किसनराव बाजेवर बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून. श्वास घेताना खांदे वर चढत होते. ओठ जांभळट दिसत होते. जयवंताबाईंनी विचारलं, "अवो, पाणी देऊ का?" त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण एक शब्द पुरा होईना. मधेच श्वास लागे.

जुडी हातातून सुटली. जयवंताबाईंनी फोन घेतला, पान उघडलं. आणि मग त्यांनी जे केलं ते विसरण्यासारखं नाही. त्या घरात थांबल्या नाहीत. उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, फाटकाबाहेर सडकेवर जाऊन उभ्या राहिल्या, घराकडे पाठ केली, आणि तिथं रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. वास्तूनं ऐकू नये म्हणून. त्याही घडीला त्यांना नवऱ्याला त्या वास्तूपासून वाचवायचं होतं.

पान लाल झालं. त्या धावत आत आल्या तोवर फोन वाजला. डॉक्टर स्वतः होते, पडद्यावर दिसत होते. जयवंताबाईंनी फोन किसनरावांसमोर धरला.

"काकाजी, काय होतंय?"

किसनरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. दोनदा श्वास घेतला.

"बरं... हाये," ते म्हणाले.

जयवंताबाईंनी फोन आपल्याकडे फिरवला. "नाही साहेब. बरं नाही. खोटं बोलून राह्यले ते. पंधरवड्यापासून आडवे झोपले नाहीत. सूज मांडीवर आली. पायात बोट दाबलं तं खड्डा पडते. मीच तुमाले खोटं लिहून राह्यली होती." हे सगळं त्या त्याच घरात, त्याच भिंतींच्या मधे, मोठ्यानं बोलल्या. सडक गाठायचं त्यांना सुचलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांना बसतं ठेवा म्हणाले, जिभेखालची गोळी द्या, गाडी निघतेय. तीन-चार वाक्यांत सगळं. शेवटी एवढंच म्हणाले, "काकू, आधी कळलं असतं तर..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. सोडून दिलं ही त्यांची माणुसकी, पण जयवंताबाईंनी ते रोज पुरं केलं आहे.

किसनराव त्याच संध्याकाळी अमरावतीत वारले. पंजाबरावांनी त्या पानावर लिहिलं, "चांगला माणूस होता. कधी तक्रार केली नाही." पंजाबराव अजून आहेत, लोणचं अजून चोरून खातात. महिन्याभरात अकोल्यात प्रतीक्षा बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बापाच्या मरणाची बातमी त्या पोटुशा पोरीनं सोसली होती. तिला पिवळा रंग सोसणार नाही, असं आईबापांना वाटलं होतं.

जयवंताबाई आता पुन्हा गुजरीत बसतात. कुणी सांबार ताजा आहे का विचारलं तर पाहून सांगतात, कालचा असेल तर कालचा म्हणतात. गिऱ्हाईक दचकतं. माणिकबाई त्यावर रागावतात, "असा धंदा होते काय?" पण आपल्या माणसाच्या मरणाबद्दल जयवंताबाई कुणाशी बोलत नाहीत. बोलल्याच तर एकाच गोष्टीबद्दल बोलतात, आणि ती दवाखान्यातली नाही. गाडी यायच्या आधीची आहे.

डॉक्टरांचा फोन संपला आणि लगेच दुसरा वाजला. अकोल्याचा. किसनरावांनी नाव वाचलं नाही, पण त्यांना कळलं. श्वासाला धडपडत असतानाही त्यांनी हात वर केला आणि बायकोकडे पाहून नाही, नाही, असा हलवला. जयवंताबाईंनी फोन कानाला लावला.

प्रतीक्षाचा आवाज शांत होता. तिनं तो धरून शांत ठेवला होता.

"आई, इथं लाल दाखवून राह्यलं. कालपरेंत तं रोज हिरवा होता. तुया हात चुकून लागला असन ना?"

जयवंताबाईंनी नवऱ्याचा वर धरलेला हात आपल्या हातात घेतला आणि खाली आणला.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "रोजच चुकून लागत होता. आज बरोबर लागला."